‘टाकी थंड करा’ : द्रावक-पुनःप्राप्तीतील शीतनव्यवस्थेची निवड आणि मराठी क्रियापदे

कारखान्यातील द्रावके परत मिळविण्याची क्रिया आणि तीसाठी लागणारी शीतनव्यवस्था हा विषय भाषाभ्यासकाच्या हातून लिहिला जावा, याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु या विषयात यंत्रापूर्वी शब्द येतो. कोणते यंत्र घ्यावे हा प्रश्न ‘काय थंड करावयाचे आणि कितपत थंड करावयाचे’ या प्रश्नानंतरचा आहे. आणि हा पहिला प्रश्न आपण बहुधा ‘टाकी थंड करा’ या तीन शब्दांत गुंडाळून टाकतो. या तीन शब्दांच्या पोटात निदान तीन वेगवेगळी कामे दडलेली आहेत. ती वेगळी केली नाहीत तर पाणी, वीज आणि प्रसंगी माणसांचे प्राण यांची हानी होते. ती वेगळी करण्यास लागणारी क्रियापदे मात्र मराठीच्या घरगुती व्यवहारात पूर्वीपासून आहेत, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

उदाहरणासाठी वसई-विरार हा परिसर घेतला आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आलेल्या पालघर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा हा भाग. रेल्वेच्या पूर्वेस वालीव, सातिवली, गोखिवरे या बाजूंना लहान कारखान्यांच्या वसाहती आहेत. पश्चिमेस समुद्रापर्यंत बागायत, विहिरी आणि जुनी तळी. खाडीच्या काठाने मिठागरे. रंग, छपाईची शाई, चिकटद्रव्ये, औषधी द्रव्ये अशा मालाच्या निर्मितीत जेथे अॅसिटोन, टोल्यूइन, इथाइल अॅसिटेट, मिथेनॉल यांसारखी द्रावके लागतात, तेथे वापरून मळलेले द्रावक तापवून त्याची वाफ करणे आणि वाफेचा पुन्हा द्रव करणे हे काटकसरीचे काम ठरते. टाकून दिलेले द्रावक हा घातक कचरा असतो. परत मिळविलेले द्रावक हा कच्चा माल असतो. या दोहोंमधील अंतर शीतनाने ठरते.

१. टाकी कोणती?

द्रावक-पुनःप्राप्तीच्या संचात मुख्यतः तीन भाग असतात. पहिला, मळके द्रावक तापविण्याचे पात्र. दुसरा, वाफेचा द्रव करणारा संघनक, ज्याला कारखान्यात सर्रास कंडेन्सर म्हणतात. तिसरा, तयार झालेला द्रव साठविणारी टाकी. ‘टाकी थंड करा’ या आज्ञेतील टाकी यांपैकी कोणती? पहिले पात्र थंड केले तर काम थांबते. संकटसमयी तेच करावयाचे असते. तिसरी टाकी थंड ठेवली तर साठलेले द्रावक पुन्हा उडून जाणे कमी होते. परंतु जी वाफ संघनकातच पकडली गेली नाही, ती या टाकीच्या थंडाव्याने फारशी परत येत नाही. उष्णतेचा मोठा भार दुसऱ्या भागावर असतो, आणि त्याला कोणी टाकी म्हणत नाही.

शास्त्रीय परिभाषेचा इतिहासही येथे उद्बोधक आहे. आज आपण या क्रियेला ऊर्ध्वपातन म्हणतो. हा शब्द रसशास्त्रातून आला. ‘रसरत्नसमुच्चय’ या संस्कृत ग्रंथात पातनाच्या निरनिराळ्या यंत्रांची वर्णने आहेत. त्यांपैकी काहींत खालचे पात्र तापवितात, वरच्या पात्रात पाणी ठेवतात, आणि वर गेलेले द्रव्य त्या पात्राच्या बुडाला बसते. तिर्यक्पातन यंत्रात मात्र वाफ तिरप्या नळीने बाजूच्या, थंड ठेवलेल्या पात्रात जाते. आजच्या द्रावक-पुनःप्राप्तीचा संच रचनेने या दुसऱ्या यंत्राला अधिक जवळचा आहे. नाव मात्र पहिल्याचे रूढ झाले. महत्त्वाची गोष्ट अशी की, ही सर्व नावे वाफ कोठे जाते हे सांगतात. ती कोठे आणि किती थंड होते हे सांगत नाहीत. थंडाव्याची बाजू परिभाषेत पहिल्यापासूनच अबोल राहिली आहे.

२. उष्णतेचा हिशेब

एखादा संच ताशी १०० किलोग्रॅम अॅसिटोन परत मिळवितो असे समजू. अॅसिटोन ५६ अंश सेल्सिअसला उकळते. त्याच्या एक किलोग्रॅम वाफेचा त्याच तापमानाचा द्रव होताना सुमारे १२० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. हा अप्रकट उष्मा होय. नंतर तो द्रव ४० अंशांपर्यंत उतरविण्यास आणखी आठ-नऊ किलोकॅलरी काढाव्या लागतात. म्हणजे एकूण भार ताशी सुमारे १३,००० किलोकॅलरी, अर्थात जवळजवळ १५ किलोवॅट. यातील नऊ-दशांशाहून अधिक उष्णता ५६ अंशांवरच बाहेर पडते, ही बाब लक्षात ठेवावी. बहुतेक काम ‘गार’ करण्याचे नसून उकळत्या तापमानावरच वाफेची उष्णता काढून घेण्याचे आहे.

द्रावक बदलले की हा भार बदलतो. टोल्यूइनचा अप्रकट उष्मा किलोग्रॅममागे सुमारे ८६ किलोकॅलरी आहे, मिथेनॉलचा सुमारे २६०. सारख्याच वजनाचे मिथेनॉल परत मिळविण्यास टोल्यूइनच्या तिप्पट शीतनक्षमता लागते. ‘शंभर किलोचा संच’ एवढ्या वर्णनावर जो यंत्र विकत घेतो, त्याने निम्मी माहितीच दिलेली असते.

३. निवणे

आता क्रियापदांकडे वळू. मराठीत ‘निवणे’ आणि ‘गार होणे’ ही दोन क्रियापदे समानार्थी मानली जातात. परंतु वापर पाहिला तर भेद दिसतो. भात निवतो, तवा निवतो, तापविलेले दूध निवते. तापलेली वस्तू भोवतालच्या हवेपर्यंत उतरते, त्या उतरण्याला निवणे म्हणतात. माठातले किंवा फ्रिजमधले पाणी ‘निवले’ असे कोणी म्हणत नाही. ते ‘गार झाले’. चहा निवला म्हणजे पिण्याजोगा झाला. चहा गार झाला म्हणजे त्याची गोडी गेली. हा भेद काटेकोर नाही, कारण ‘गार होणे’ निवण्याच्या अर्थानेही वापरतात. परंतु ‘निवणे’ सहसा भोवतालच्या खाली जात नाही. शीतनव्यवस्थेच्या निवडीतील पहिली मोठी सीमारेषा नेमकी येथेच आहे. जे काम निवण्याचे आहे ते हवा आणि पाणी करतात. जे गार करण्याचे आहे त्यास वीज खाणारे शीतयंत्र लागते.

निवविण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला पंख्याच्या हवेचा. वसईची दुपारची हवा उन्हाळ्यात ३३ ते ३६ अंशांपर्यंत जाते. तिच्याने वाफ व्यवहारतः ४५-५० अंशांपर्यंत उतरविता येते. टोल्यूइन ११०.६ अंशांना उकळते, त्याला हे पुरेसे आहे. ५६ अंशांना उकळणाऱ्या अॅसिटोनला अपुरे.

दुसरा मार्ग एकदा वापरून सोडून द्यावयाच्या पाण्याचा. वर धरलेल्या १३,००० किलोकॅलरींसाठी पाणी ५ अंशांनी तापू दिले तर ताशी २,६०० लिटर पाणी लागते. आठ तासांच्या पाळीत सुमारे २१,००० लिटर. यंत्राच्या किमतीने पाहिले तर हाच मार्ग सर्वांत स्वस्त. पाण्याच्या दृष्टीने सर्वांत महाग. वसईच्या बागायती पट्ट्यात बावखले नावाची जुनी तळी आहेत; ती बागांना पाणी देतात आणि जमिनीत गोडे पाणी मुरवितात. समुद्र आणि खाडी जवळ असल्याने गोड्या पाण्याचा उपसा वाढला की खारे पाणी आत सरकते आणि विहीर मचूळ होते. अशा ठिकाणी पाळीला वीस हजार लिटर पाणी केवळ पाच अंश तापवून गटारात सोडणे ही एका कारखान्याची खाजगी बाब राहत नाही.

तिसरा मार्ग कूलिंग टॉवरचा, म्हणजे शीतमनोऱ्याचा. संघनकातून तापून आलेले पाणी येथे वरून तुषारांनी पडते, त्यातील थोडे हवेत उडून जाते, आणि त्या उडण्याने उरलेले पाणी निवते. तत्त्व माठाचेच आहे. या पद्धतीत त्याच भारासाठी पाळीला सुमारे १८० लिटर पाणी वाफ होऊन जाते. फिरत्या पाण्यात क्षार साचत जातात म्हणून काही पाणी बाहेर सोडावे लागते. क्षार तिपटीपर्यंत साचू दिले तर आणखी ९० लिटर. एकूण २७० लिटर. एकवीस हजार आणि दोनशे सत्तर यांची तुलना करण्यास तज्ज्ञाची गरज नाही. मात्र पाणी मुळातच मचूळ असेल आणि क्षार दीडपटीच्या वर साचू देता येत नसतील, तर हाच आकडा ५४० लिटरांवर जातो. शिवाय पाण्यातील क्लोराइडाने गंजरोधक पोलादाच्या नळ्यांनाही खड्डे आणि चिरा पडतात. म्हणून वसईत शीतमनोरा निवडताना पाण्याचे परीक्षण आधी आणि यंत्राची चौकशी नंतर, हा क्रम असावा.

माठाची मर्यादा तीच शीतमनोऱ्याची मर्यादा. तापमापकाच्या फुग्याभोवती ओले फडके गुंडाळून तो वाऱ्यात धरला असता जो आकडा येतो, त्यास आर्द्र तापमान म्हणू. माठातले पाणी या आकड्याखाली जाऊ शकत नाही. नागपूरला मे महिन्यात हवा ४३ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर आर्द्र तापमान सुमारे २४ अंशच राहते. म्हणून तेथे माठ उत्तम चालतो. कोकणपट्टीवर हवा तितकी तापत नाही, परंतु ती दमट असते. आराखड्यासाठी आर्द्र तापमान २८ अंशांच्या आसपास धरावे लागते. त्यावर तीन-चार अंशांची तूट धरली की मनोऱ्यातून ३२ अंशांचे पाणी मिळते. त्यापेक्षा गार पाण्याची अपेक्षा ठेवणे व्यर्थ. मिठागरात काम करणाऱ्यांना ही गोष्ट निराळ्या अंगाने ठाऊक असते. कोरड्या महिन्यांत वाफ्यातले पाणी उडते आणि मीठ धरते. पावसाळ्यात ते काम बंदच पडते. दमट हवा पाणी घेत नाही, हे या दोहोंमागचे एक कारण आहे. दुसऱ्या हवेत बेतलेला मनोरा जसाच्या तसा वसईत आणून बसविला, तर तो कागदावरचा आकडा गाठील असे धरून चालू नये.

४. गार करणे

बत्तीस अंशांचे पाणी संघनकात शिरून ३७ अंशांनी बाहेर पडते आणि द्रावक सुमारे ४० अंशांवर उतरते. टोल्यूइनचे काम येथे जवळजवळ संपते. अॅसिटोनचे संपत नाही. याचे कारण बाष्पदाब. चाळीस अंशांवर अॅसिटोनचा बाष्पदाब पाऱ्याच्या सुमारे ४२० मिलिमीटर असतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या निम्म्याहून अधिक. संचाच्या श्वासनळीतून जी हवा बाहेर जाते, तिच्या घनफळात निम्म्याहून जास्त भाग अॅसिटोनचाच असतो. टोल्यूइनच्या बाबतीत हेच प्रमाण त्या तापमानाला सुमारे ८ टक्के.

येथे गार करण्याची गरज उत्पन्न होते. बाहेर जाणारी ही वाफ ५ अंशांपर्यंत गार केली तर अॅसिटोनचे प्रमाण १२ टक्क्यांवर येते. परंतु सर्वच भार शीतयंत्रावर टाकणे हा उधळेपणा होय. शीतयंत्र उष्णता नाहीशी करीत नाही. ती एका जागेहून उचलून दुसरीकडे टाकते, आणि त्या उचलण्याची मजुरी विजेच्या रूपाने घेते. सामान्यतः तीन भाग उष्णता उचलण्यास एक भाग वीज लागते. तापमान जितके खाली न्यावे तितकी ही मजुरी चढते. म्हणून योग्य रचना दोन पायऱ्यांची: मोठा संघनक शीतमनोऱ्याच्या पाण्यावर, त्याने वाफ निववावी, त्यापुढे श्वासनळीवर लहान संघनक शीतयंत्राच्या गार पाण्यावर, त्याने राहिलेली वाफ पकडावी. मुख्य भार निवविण्याने उतरतो, आणि शीतयंत्र लहान आकाराचे पुरते.

डायक्लोरोमिथेनची गोष्ट वेगळी. ते ३९.६ अंशांनाच उकळते. बत्तीस अंशांच्या पाण्याने त्याची वाफ धरली जाईल असे मानणे म्हणजे दोन-चार अंशांच्या फरकावर सर्व भिस्त ठेवणे होय. त्यास पहिल्या पायरीपासूनच गार पाणी हवे, आणि श्वासनळीवर शून्याखालील मिठवणी किंवा ग्लायकॉलमिश्रित पाणी. उणे १५ अंशांवरही बाहेर जाणाऱ्या हवेत त्याचे प्रमाण नऊ टक्क्यांच्या आसपास राहते. म्हणून पुढे सक्रिय कोळशाचा थर ठेवणे इष्ट ठरते.

ही सुटणारी वाफ अदृश्य असल्याने तिची गणना होत नाही. याच जिल्ह्यातील तारापूर औद्योगिक क्षेत्राचा क्रमांक केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ सालच्या प्रदूषण-निर्देशांकात देशात सर्वांत वर लागला होता. तेथील प्रश्न अनेक कारणांचा आहे आणि तो केवळ द्रावकांचा नाही; परंतु परत न मिळविलेले प्रत्येक किलोग्रॅम द्रावक शेवटी हवेत, पाण्यात किंवा जमिनीत जाते, एवढे नि:संशय.

५. थिजणे

‘जितके गार तितके चांगले’ हा समज तिसऱ्या क्रियापदापाशी खोटा ठरतो. तूप थिजते, खोबरेल थिजते; काही द्रावकेही थिजतात. बेन्झीन ५.५ अंशांना, सायक्लोहेक्झेन ६.५ अंशांना, डायऑक्झेन सुमारे १२ अंशांना. अशा द्रावकाच्या संघनकात शून्याखालील मिठवणी सोडली तर द्रावक नळीच्या भिंतीवर थिजते. तो थर प्रथम उष्णता अडवितो आणि पुढे वाफेची वाटच अडवितो. श्वासनळी बंद आणि खाली पात्र तापत आहे, ही अवस्था स्फोटास आमंत्रण देणारी होय. द्रावकात पाण्याचा अंश असेल तर शून्याखाली तेही गोठते आणि तोच परिणाम करते. म्हणजे शीतनाला खालची सीमाही आहे, आणि ती द्रावकानुसार बदलते.

येथेच ‘थंड’ या शब्दाच्या लाक्षणिक अर्थापासूनही सावध राहिले पाहिजे. प्रकरण थंड झाले, माणूस थंड झाला, असे म्हणताना आपण धोका टळल्याचे सूचित करतो. द्रावकांना हे लागू नाही. अॅसिटोनवरील वाफ उणे २० अंशांच्या सुमारासही ठिणगीने पेटू शकते; टोल्यूइनवरील वाफ सुमारे ४ अंशांना. वसईतील अत्यंत थंड रात्रही या आकड्यांच्या पुष्कळ वर असते. पाच अंशांना गार केलेली टाकी ही गार टाकी असते. सुरक्षित टाकी नव्हे. ज्वालारोधक मोटारी, टाक्यांची भूजोडणी आणि श्वासनळीचे तोंड सुरक्षित जागी नेणे ही कामे शीतन कितीही चांगले असले तरी करावीच लागतात.

६. शीतन थांबले तर

कोणतीही शीतनव्यवस्था ती बंद पडेल तेव्हा काय होईल या कसोटीवरही पाहिली पाहिजे. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसई-विरार परिसर पाण्याखाली गेला, रेल्वे थांबली आणि वीजपुरवठाही खंडित झाला. अशा वेळी पंप, पंखे आणि शीतयंत्र एकदम थांबतात. तापलेले पात्र मात्र लगेच निवत नाही. त्यातून येणारी वाफ संघनकात न धरता सरळ बाहेर पडते. अॅसिटोनची वाफ हवेच्या दुप्पट जड आणि टोल्यूइनची तिपटीहून जड. ती जमिनीलगत पसरते आणि ठिणगीपर्यंत पोहोचते.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात जॅक्सनव्हिल येथे १९ डिसेंबर २००७ रोजी टी-टू लॅबोरेटरीज या कारखान्यात झालेल्या स्फोटात चार जण मृत्युमुखी पडले. तेथील क्रिया पुनःप्राप्तीची नव्हती. उष्णता निर्माण करणारी रासायनिक क्रिया एका पात्रात चालू होती. परंतु चौकशीत पुढे आलेला एक मुद्दा आपल्याही विषयास लागू आहे: पात्राच्या शीतनाला पर्यायी व्यवस्था नव्हती. एक झडप किंवा एक पंप बिघडला की सर्व शीतन थांबावे, अशी ती रचना होती. द्रावक-पुनःप्राप्तीत यावरचा उपाय तुलनेने सोपा आहे. शीतनाचे पाणी थांबताच तापविण्याची वाफ किंवा तेल आपोआप बंद व्हावे अशी जोडणी करावी, आणि उंचावरील टाकीत इतके पाणी राखून ठेवावे की ते विजेवाचून, केवळ उताराने, पात्र निवेपर्यंत संघनकातून वाहत राहील.

७. निवडीचा क्रम आणि शब्दांची शिस्त

आतापर्यंतच्या विवेचनावरून निवडीचा क्रम असा ठरतो. प्रथम द्रावक कोणते, ते किती तापमानाला उकळते आणि किती तापमानाला थिजते, हे लिहून काढावे. नंतर ताशी किती उष्णता काढावयाची याचा हिशेब करावा. त्यानंतर त्या उष्णतेचा किती भाग निवविण्याने निघेल हे स्थानिक हवेच्या आर्द्र तापमानावरून ठरवावे. वसईत ही मर्यादा ३२ अंशांच्या पाण्याची आहे. जो भाग उरेल तेवढ्यापुरतेच गार करणारे यंत्र घ्यावे. गार करण्याची खालची सीमा थिजण्याच्या बिंदूवरून ठरवावी. शेवटी, वीज आणि पाणी दोन्ही एकदम गेले आहेत असे धरून संपूर्ण व्यवस्था पुन्हा तपासावी.

या क्रमातील पायऱ्यांना मराठीत स्वतंत्र क्रियापदे आहेत. परिभाषेत मात्र आपण ती वापरीत नाही. भाषा संचालनालयाच्या १९६० मधील स्थापनेपासून शास्त्रीय परिभाषेचे मोठे काम महाराष्ट्रात झाले आहे. तथापि परिभाषेचे लक्ष नामांवर राहिले. एकाच क्रियेला शालेय भूगोलात सांद्रीभवन आणि विज्ञानात संघनन म्हटले जाते, यासारख्या विसंगतींची चर्चा होते. पण कामगाराला दिलेली सूचना क्रियापदात असते, आणि क्रियापदांची चर्चा क्वचितच होते. ‘शीतन’ हे नाम निवविणे आणि गार करणे या दोहोंना सारखेच झाकून टाकते. हिंदीतील ‘ठंडा करना’ हेही तसेच करते. आणि वसईच्या कारखान्यांत मराठी व हिंदी शेजारी शेजारी नांदत असल्याने ही संदिग्धता तेथे दुपटीने वाढते.

म्हणून सुचवावेसे वाटते की, मराठीतील कार्यसूचनांत ‘थंड करणे’ हा प्रयोग टाळावा. मुख्य संघनकासाठी ‘वाफ निवविणे’, श्वासनळीवरील संघनकासाठी ‘उरलेली वाफ गार करणे’, आणि इशाऱ्यासाठी ‘द्रावक थिजू देऊ नये’ असे लिहावे. प्रत्येक ठिकाणी भागाचे नाव आणि अंशांचा आकडा द्यावा. ‘टाकी थंड करा’ याऐवजी ‘साठवणीची टाकी १५ अंशांपर्यंत गार ठेवा’ असे लिहिण्यास तीन शब्द अधिक लागतात. त्या तीन शब्दांत कोणते यंत्र हवे, किती पाणी लागेल आणि काय बिघडू शकते याची निम्मी उत्तरे येऊन जातात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या भागातील कारखान्यांतील अशा सूचनांचा संग्रह करून त्यांतील क्रियापदांचा अभ्यास केला, तर तो भाषाशास्त्राला उपकारक होईल आणि ज्यांच्या हाती त्या सूचना पडतात त्यांनाही.